टाकीतलं पाणी निवळलं

बाबा,

तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. आधी माशांच्या टाकीकडे बघा. पाणी निवळलंय! आणि आईचा म्हातारा मिशाळ मासा जिवंत आहे. ओंडक्याखाली दडून बसला होता लबाड, आणि आपण त्याची आशाच सोडली होती.

आता मेहेरबानी करून आज सगळं पाणी बदलू नका. आठवड्यातून एकदा थोडं बदललं की पुरे. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळा. खाणं दिवसातून एकदाच, चिमूटभर. आजचं मी घातलंय.

काल पाळीव माशांच्या दुकानातल्या फ्राऊ पाउल्सन म्हणाल्या, "विबके, पाणी खाण्यानेच गढुळतंय. एवढं घालतं कोण गं?"

मी म्हटलं, "आमचे बाबा. आई गेल्यापासून दुपारी एकटे असतात, मग माशांना जेवायला वाढत बसतात."

तर दुपारी कोट चढवा आणि बंदरावर माझ्या दुकानात या. मसुराचं सूप दोघांपुरतं नेलंय. एकटीने जेवायचा मलाही कंटाळा आलाय.

विबके