एकच सीट होती

पिपरी मेघे,
रविवार

प्रिय वर्षाली,

फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू 'जेवलात का?' असं विचारतेस आणि मी वांग्यावरच्या अळीचं सांगून मोकळा होतो. म्हणून हे पत्र.

परवा तू म्हणालीस, या बाळंतपणाला स्टाफचं तिकीट नको, दोघांचं पक्कं तिकीटच काढते. मागच्या वेळी माझ्या विमान कंपनीच्या सवलतीपायी तुम्हाला ताटकळत ठेवलं, आई वेळेवर पोचली नाही, ती चूक माझीच, असंही म्हणालीस. ती चूक तुझी नव्हती.

मागची गोष्ट तुला ठाऊकच आहे, निदान अर्धी तरी. जावईबापू साहिल ड्युटीवर परगावी, तू बंगळूरला एकटी, आणि डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही तुझ्या आईची, कोकिळाची हौस तू हाणून पाडलीस, तेव्हा तिनं माहेरच पिशवीत भरलं. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्याची दुपटी. तू मला चारचारदा समजावलं होतंस. सगळे प्रवासी बसले की उरलेल्या सीटवर स्टाफच्या घरच्यांचा नंबर लागतो. कपडे नीटनेटके घाला, काऊंटरवर हुज्जत घालू नका, आणि एकच सीट निघाली तर आईला पाठवा, तुम्ही मागून या. मी मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही, पण तोंडानंही हो म्हटलं होतं.

नागपूरहून सकाळचं विमान भरून गेलं. दुपारच्या वेळी कोकिळा पाण्याची बाटली भरायला गेली होती. काऊंटरवरच्या मुलीनं मला खुणेनं बोलावलं आणि सांगितलं की एक सीट आहे, तुमच्यापैकी कोण जाणार ते लवकर सांगा. वर्षाली, सीट निघाली होती. मी म्हटलं, दोघं असू तरच जाऊ. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. कोकिळा बाटली घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं की हेही विमान भरलं.

कारणं शोधायला बसलो तर दहा सापडतील. ती एकटी घाबरेल, तिकडे उतरल्यावर चुकेल. सगळी लबाडी. बत्तीस वर्षांत तुझी आई माझ्याशिवाय कुठे मुक्कामाला राहिलेली नाही. ती माझ्याआधी विमानात बसणार आणि मी एकटा रिकाम्या घराचं कुलूप उघडणार, हे मला झेपलं नाही. मला साधा चहा येत नाही गं. घाबरलो होतो मी, आणि नाव तिचं पुढे केलं.

संध्याकाळचं विमानही भरलं, ते मात्र खरोखर. आम्ही बसनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मोकळी झालीस. दवाखान्याच्या कागदावर सही शेजारणीनं केली. लाडवांचा डबा कोकिळानं न उघडता आपल्या गल्लीतल्या तानाबाईच्या बाळंतीण सुनेला देऊन टाकला. माह्या नशिबात विमानच नाई, असं ती अजून चार बायकांत सांगते. बारशाला आम्ही रेल्वेनं आलो, तेव्हा तू माझ्याच पाया पडून माफी मागितलीस आणि मी निर्लज्जासारखा आशीर्वाद दिला.

काल सकाळी शेतात सांबाराच्या, तुझ्या शहरी भाषेत कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना मी कोकिळाला सगळं सांगितलं. तिनं हातातली जुडी बांधली, आणखी सात-आठ बांधल्या, मग म्हणाली, "मी एकटी जातो. तुमी गेटपर्यंत सोडून द्या. आत माहं नाव मीच आयकतो." आज सकाळी तिनं गॅससमोर मला उभं केलं आणि चहा करायला लावला. तर बेटा, पक्की तिकिटं काढू नकोस. स्टाफच्या यादीत एकट्या आईचं नाव घाल, तिचाच तसा हुकूम आहे. तारखेच्या वीस दिवस आधी ती निघेल, एखादं विमान भरलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईल. मी रोज विमानतळावर सोडीन आणि बाहेर थांबेन. बिनतिकिटाच्या माणसाला आत सोडत नाहीत, हे या वेळी बरंच आहे.

तुझाच अपराधी,
बाबा