दाराजवळची गाडी

बाबा, यंदा आपल्या खोलीत अकरा मोटारसायकली लागल्या. बाहेर थंडी अशी की मी स्वेटर घालून आले होते, पण अकरावी आत घेताना घामानं निथळले. दहा बाय चौदाची खोली, त्यात तुमचं ते लोखंडी कपाट अजून कोपऱ्यात ठाण मांडून बसलेलं. एसटीत माणसांना मागं सरकवायचं काम मी रोज करते, कंडक्टरकीला बारा वर्षं झाली, तरी या अकरा गाड्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. तुम्ही तेरा लावायचात, आणि कपाळावर आठी नसायची.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गॅरेज तेव्हाच बंद पडलं, पाने-पकडी मी वाटून टाकल्या, पण आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरची ही खोली काही माझ्याच्यानं सोडवली नाही. दसरा झाला की तांड्यावरची माणसं अजूनही ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. तेवढे महिने गाड्या घरी ठेवल्या तर उंदीर वायरी कुरतडतात, दवानं टाक्या गंजतात, म्हणून ते त्या तुमच्याकडे आणून लावायचे. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी एक जण दारात येऊन म्हणाला, "ताई, मिस्तरी न्हाई ऱ्हायले, पर खोली हाय ना? तेवढी उघडा." तेव्हापासून मी दर हिवाळ्यात ती उघडते. आणि दर हिवाळ्यात तुमच्याशी मनातल्या मनात बोलते. फक्त एकच गोष्ट बोलायची टाळते. ती आज लिहून काढायला बसले आहे.

तुमचं ते गाड्या झोपवणं मी लहानपणापासून पाहिलं, पण त्यात किती शहाणपण होतं ते स्वतः करायला लागल्यावर कळलं. अजून डोळ्यांसमोर दिसतं. तुम्ही पेट्रोलचा कॉक बंद करता आणि गाडी चालूच ठेवता. ती धडधडते, मग खोकते, मग आपोआप गप्प होते. कार्बोरेटर कोरडा झाला. प्लग काढून आत दोन थेंब ऑइल, एक हलकी किक, प्लग परत जागेवर. उंदरानं आत संसार मांडू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा. बॅटरी काढून फळीवर, आरसे काढून पिशवीत. एका गाडीचं तोंड भिंतीकडं, शेजारचीचं दाराकडं, म्हणजे हँडलला हँडल अडत नाही. दर रविवारी तुम्ही त्या गर्दीत शिरून प्रत्येकीचं चाक अर्धा फेरा फिरवून यायचात. कुठून शिरायचात आणि कुठून निघायचात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आणि तो तुमचा प्रश्न. गाडी घेऊन आलेल्या माणसाला, तो कधी परत येणार, हे तुम्ही विचारायचा नाहीत. तुम्ही विचारायचात, "घरी कोण ऱ्हायलंय?" तो सांगायचा, म्हातारा बाप आहे, त्याला दमा आहे. किंवा बहीण बाळंतपणाला आली आहे. किंवा कुणीच नाही, सगळे निघालो, कुलूप आहे. मग तुम्ही कान खाजवत थोडा वेळ खोलीकडे बघायचात आणि जागा दाखवायचात. मला वाटायचं, बाबांना चौकशा करायची खोड आहे. दाराजवळच्या दोन गाड्यांचा कार्बोरेटर तुम्ही कोरडा करत नव्हतात, बॅटरीही काढत नव्हतात. मी एकदा चिडवलं होतं, "या दोघींच्या वेळी कंटाळा आला वाटतं?" तुम्ही नुसते हसलात. "असू दे, माय," म्हणालात.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा तो हिवाळा. दाराजवळ एक जुनाट गाडी होती, मूळ रंग कोणता ते ओळखू न येणारी, आणि तिच्यातून ऑइल ठिबकायचं. माझ्या पांढऱ्या सलवारीला तिनं डाग पाडला आणि माझं डोकं फिरलं. तुमची स्वतःची गाडी इंजिन उघडून पडली होती, तिचं सामान आणायला तुम्ही नांदेडला गेला होतात. मी दुपारभर खपून सगळ्या गाड्या बाहेर काढल्या, खोली झाडली, ती जुनी गाडी, तिच्या शेजारचीसकट, थेट मागच्या भिंतीला नेऊन लावली आणि तिच्या जागी एक लाल, नवी कोरी आणून ठेवली. दार कसं शोभून दिसलं. तुम्ही संध्याकाळी थकून आलात, जेवलात आणि झोपलात. खोली उघडलीच नाहीत.

सकाळी पहिल्या एसटीनं तो आला. त्या जुन्या गाडीचा मालक. फडातून निघून रात्रभर प्रवास केलेला, डोळे लाल. "मिस्तरी, मायचं काई खरं न्हाई. तांड्यावरून फोन आला. गाडी द्या." तांड्याला जायला त्या वेळी दुसरं काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुझी तयारच हाय," आणि शटर वर केलंत. न बघता तुमचा हात दाराशी गेला आणि लाल गाडीवर पडला. तिची बॅटरी फळीवर, कार्बोरेटर कोरडा.

मी मागं उभी होते, हातात चहाचा कप. तुम्ही क्षणभर खाली बघितलंत. मग म्हणालात, "माझंच चुकलं रे. मी ती आत लावून बसलो. चल, हात लाव." तुम्ही दोघांनी एकेक गाडी बाहेर ओढली. मी कप खाली ठेवून तिसरा हात लावला, पण तोंड उघडलं नाही. पाऊण तास गेला. तो तांड्यावर पोचला तेव्हा त्याची आई गेली होती. किती वेळ आधी, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "उद्यापासून गाड्या तू लावत जा, माय. मी बाजूला उभा राहतो." त्यानंतर रोज विचारायचात, "बराबर लागल्यात का?" मी समजले, बाबांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला. माझ्यामुळे उडाला. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज वाटायचं की उद्या सांगू. पुढं तुम्ही आजारी पडलात, मग गेलात.

यंदा दसऱ्याआधी खोली धुवायला काढली. फिनेल टाकलं, घासून घासून हात दुखले, पण दाराजवळचा तो ऑइलचा डाग निघाला नाही. भाकरीएवढा आहे, काळाकुट्ट. मी उकिडवी बसून घासत होते आणि एकदम ती सकाळ जशीच्या तशी उभी राहिली. तुम्ही खाली बघितलं होतंत ते याच डागाकडे. तेव्हा तर तो ओला होता. आणि मग तुम्ही शेजारी पडलेला पोत्याचा तुकडा पायानं त्याच्यावर सरकवला होतात. मी ते पाहिलं होतं, बाबा. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि इतकी वर्षं मला ते दिसलं नव्हतं. ठिबकलेलं ऑइल बघून कुठलं पॅकिंग गेलंय हे सांगणारा माणूस तुम्ही. गाडी कालपर्यंत तिथं उभी होती, हे तुम्हाला त्या क्षणी कळलं होतं. आई मरणाला टेकलेला माणूस शेजारी उभा, वेळ जातोय, आणि तेवढ्यात तुम्हाला पोरगीही आठवली. मी ब्रश हातात धरून तिथंच फरशीवर बसून राहिले. एवढं मोठं माणूस माझ्या घरात राहत होतं, त्याला मी रोज चहा देत होते, आणि मला पत्ता नव्हता.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, हे मलाही कळतं. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही काही विचारणार नाहीत. ज्याला सांगायला हवं तो जिवंत आहे.

परवा अकरावी गाडी त्याचीच होती. आता तो केस पिकलेला, गाडी दुसरी. मी विचारलं, "घरी कोण ऱ्हायलंय?" सून राहिली आहे म्हणाला, सातवा महिना. मी त्याची गाडी दाराजवळ घेतली, पेट्रोल तसंच ठेवलं. तो खोलीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मिस्तरी उभ्या जन्मात एकदाच चुकले, ते बी माझ्याच गाडीला. आमी तांड्यावर अजून सांगतो. पर म्या मनात न्हाई ठेवलं. माणूस हाय, चुकायचाच. व्हय का न्हाई?"

मी "व्हय" म्हणाले, बाबा.