हौस नव्हती, आत्या

आत्या, काल मी सिंगल्स जिंकले. पन्नाशी उलटलेल्या बायकांची स्पर्धा, इथे परदेशात, बुकित बातोकमधल्या आमच्या घराजवळच्या छोट्या क्लबात. पेपरात काही येणार नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

तुझी कारकीर्द मला बाबांकडून तुकड्यातुकड्यानं कळली. इंग्रजांच्या अमदानीत, नऊवारी नेसून आणि कॅनव्हासचे बूट घालून तू प्रांताची चॅम्पियन झालीस, आणि पुढची काही वर्षं ते पद कुणाला घेऊ दिलं नाहीस. एकदा अंतिम सामन्यात एका साहेबाच्या मेहुणीला हरवलंस, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. मग तुला विलायतेला खेळायला पाठवायची गोष्ट निघाली, आणि आजोबांनी घाईघाईनं तुझं लग्न उरकलं. सासरी चषक माळ्यावर गेले. नवरा लवकर वारला, तू माहेरी परत आलीस, आणि मी हातात रॅकेट पेलण्याएवढी झाल्यावर मला मागच्या अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारायला शिकवू लागलीस. माझं लक्ष शेजारच्या खिडकीकडे गेलं की म्हणायचीस, बघणारे बघतील, तू चेंडू बघ.

जिमखान्याच्या महोत्सवाचा दिवस मला अजून दिसतो. तू पहिल्या रांगेत बसली आहेस, मी तुझ्या शेजारी. सेक्रेटरी तुझी ओळख करून देताहेत: न्यायाधीशांची कन्या, त्या काळात बाईंनी हौस म्हणून टेनिसही खेळून पाहिलं. तू उठतेस, पुष्पगुच्छ टेबलावर ठेवतेस आणि माइक हातात घेतेस.

"हौस नव्हती. मी चॅम्पियन होते."

एवढंच बोलून तू खाली बसलीस. घरी आल्यावर बाबा चिडले. चारचौघांत असं बोलायची काय गरज होती, म्हणाले. तू शेंगा सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ते सांगायची गरज त्यांना वाटली असती, तर मी गप्प बसले असते."

आता कालचं ऐक. तांजोंग पगारच्या ऑफिसात आकडे जुळवून मी संध्याकाळी खेळते, याला इथे सगळे व्यायाम म्हणतात. माझा मुलगा इथल्याच शाळेत वाढला. इथल्या पोरांसारखं वाक्यात 'लाह' घालून तो म्हणतो, "रिलॅक्स लाह, मा, इट्स ओन्ली अ गेम." काल सामन्याआधी क्लबातला संयोजक हसत हसत आला. सिंगल्सला नावं कमी आली आहेत, ऊनही फार आहे, तेव्हा सगळ्यांनी मिळून मजेत डबल्स खेळावं आणि मग जेवावं, असं त्यानं सुचवलं. बाकीच्या बायका लगेच हो म्हणाल्या. मी म्हटलं, मी सिंगल्सला नाव दिलंय, सिंगल्सच खेळणार. तो समजूत घालू लागला. तेवढ्यात एक चिनी बाई, शाळेतून निवृत्त झालेली, रॅकेट काढून कोर्टावर जाऊन उभीच राहिली. म्हणाली, मीही जेवायला आलेले नाही.

आम्ही दोघीच खेळलो. तिचा बॅकहँड इतका चोख, की पहिला सेट तिनं सहज घेतला. दुसऱ्यात माझा गुडघा बोलू लागला. नवरा कठड्यापलीकडून खुणेनं पुरे म्हणत होता; मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, आणि तो सेट घेतला. तिसऱ्या सेटमध्ये तीही दमली, मीही दमले, पण दोघींपैकी एकीनंही चेंडू सोडला नाही. माझा शेवटचा चेंडू तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात पडला, अगदी रेषेवर. तिनं स्वतःच तळहात जमिनीकडे धरून तो आत असल्याचं सांगितलं. नेटपाशी हात मिळवताना म्हणाली, पुढच्या वर्षी सोडणार नाही. मी म्हटलं, सोडू नकोसच.

घरी येताना नवरा म्हणाला, आत्याचं नाव राखलंस. मुलानं तेच फोनवर त्याच्या मावशीला सांगितलं. ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी काही बोलले नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा तुझ्यापाशी बोलायला हरकत नाही: कोर्टावर मला तुझी आठवण एकदाही आली नाही. मला फक्त तिला हरवायचं होतं.