तबकडीची मागची बाजू

पुणतांबा,
दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस

ती. राधाकृष्णमामांच्या चरणी कानिफनाथचा साष्टांग नमस्कार.

नव्या तेलाने आपले गुडघे ताळ्यावर आले असतील, अशी गोदामाईला प्रार्थना. इकडे सर्व ठीक. आपला निरोप मिळाला. रविवारी आपली कॉलेजची मित्रमंडळी केडगावला आपल्याकडे जमणार, तेव्हा गेल्या दिवाळीत मला दिलेली ती साठीच्या दशकातल्या विलायती बँडची तबकडी तिकडे येणाऱ्या अश्विनीताईजवळ पाठवावी, असा. जरूर पाठवतो.

मामा, दर सुट्टीत आपण त्या तबकडीची पहिली दोनच गाणी लावायचात (आणि दुसऱ्यावर मामींच्या देखत नाचायचात). त्यामुळे त्या चौघांनी जन्मात दोनच गाणी म्हटली, अशी पन्नाशीला टेकेपर्यंत माझी समजूत. चार दिवसांपूर्वी तबकडी उलटली. मागे सहा गाणी आहेत! तिसऱ्यात तर पेटी वाजते आणि एक जण इतक्या हळू म्हणतो, की मी चपला काढून बसलो. शब्द एकही कळला नाही. पण हरिपाठ तरी मला पहिल्या दिवशी कुठे कळला होता? शेजारच्या झुंबरबाई शेवगा मागायला आल्या, त्या उंबऱ्यातच टेकल्या. "ह्यांच्यातलं कोन गेलंय रं, कानिफ?" म्हणाल्या. मी म्हटलं, "माहीत न्हाई." "मंग ऱ्हाऊ दे. लाव पुन्ना." आता रोज दुपारी येतात आणि शेवगा विसरून जातात. आमची सौ. मनकर्णा चौथ्या गाण्यावर ज्वारी निवडते (खडे कमी राहतात, हे मी जेवताना पाहिलं आहे).

गाजलं तेवढं ऐकून आपण उठतो, मामा, आणि देवाने मागे ठेवलेलं तसंच राहतं. म्हणून रविवारी मित्रांना मागचीच बाजू ऐकवावी, ही विनंती.

आपला भाचा,
कानिफनाथ

ता. क. खंडेनवमीला मनकर्णाने विळा, कोयता, पाण्याची मोटर यांच्याबरोबर तबकडीही पाटावर मांडली आणि पुढच्या बाजूवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी साबणाने घासलं. आता आपलं पहिलं गाणं तीन शब्दांवर अडतं. दुसरं सुरूच होत नाही.

ता. क. २. पूजा झालेल्या वस्तूवर रागवायचं नसतं, असं मनकर्णा म्हणते. तबकडी सोमवारी दुपारच्या आत परत यावी. झुंबरबाई उंबऱ्यात असतील.