उन्मादाला वय नसते

मी, शशिकांत वामन खांबेटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त वृत्तसंपादक, राहणार भाईंदर पूर्व, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. ‘आज’ हा शब्द हेतुपुरस्सर योजला आहे. गेल्या २६ सप्टेंबरच्या दुपारी मी शुद्धीत नव्हतो. तसे वृत्तपत्रात छायाचित्रासह प्रसिद्ध झाले असून ते कात्रण मीच सोबत जोडत आहे, म्हणजे माझ्या चिरंजीवांना ते शोधण्याचे कष्ट पडणार नाहीत.

१. माझी स्वकष्टार्जित सदनिका संपूर्णपणे माझी कन्या सुचेता हिला मिळावी. सासर सोडून आल्यापासून तिनेच मला व तिच्या आईला सांभाळले. चिरंजीव चंदन याचे मीरा रोडला स्वतःचे घर आहे. कात्रण हातात धरून तो मला म्हणाला, “दिलेल्या मुलीला घर देताय बाबा, द्या. पण पेपरात उन्माद छापून आलाय तुमचा. उद्या वकील विचारेल ना, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का म्हणून?” प्रश्न रास्त आहे. उत्तर पुढील दोन कलमांत.

२. माझी पत्नी मनोरमा चैत्रात निवर्तली. वर्षभर घरात सण नाही, हा नियम मी काटेकोरपणे लावला. गणपती आणला नाही. टीव्हीवर चादर घातली. सोसायटीच्या उत्सवासाठी सुचेताची मुलगी अनुष्का हिचा नाच बसवून झाला होता, तोही रद्द करवला. पोर रडली, तेव्हा मी तिला ‘दुखवटा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला.

विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मासिक श्राद्धासाठी दर्भ आणायला दादरला गेलो. दर्भ भाईंदरलाही मिळतो. दादरचाच हवा, हा हट्ट माझा. त्याच रस्त्याने विश्वविजेत्या क्रिकेट संघाची मिरवणूक येत होती. मनोरमा भाजी चिरतानाही कानाशी रेडिओ धरून सामने ऐकत असे आणि मी नाक मुरडत असे. खेळाडूंची बस समोर आली. पुढचे मला छायाचित्रावरूनच कळले: दुभाजकावर चढलेला उघडाबंब म्हातारा, एका हातात फडकणारा सदरा, दुसऱ्या हातात दर्भाची जुडी, तोंड वासलेले. वर मथळा: ‘उन्मादाला वय नसते!’ छायाचित्राला आवाज नसतो. मी “मनू, आले बघ! मनू, बघ!” असे ओरडत होतो.

अनुष्काने तो अंक माझ्यापुढे ठेवला. “आजोबा, तुम्ही नाचलात तर चालतं?”

तिच्यासमोर माझी मान अजून वर होत नाही.

३. तो मथळा मृणालिनी केळुसकर हिने दिला. तिला मीच तयार केले. सुचेताच्या आग्रहावरून तिला दूरध्वनी केला.

“आई शप्पथ सर, तुम्हाला ओळखलंच नाही हो! उद्याच खुलासा छापते.”

“ओळखले असतेस तर कोणता शब्द योजला असतास?”

“तोच, सर.” वार्ताहरांनी हा शब्द फार स्वस्त केला आहे. तिकिटांच्या रांगेलाही ते उन्माद म्हणतात. म्हणून मीच तिला कसोटी दिली होती: दुसऱ्या दिवशी ज्याची लाज वाटत नाही तो उत्साह, वाटते तो उन्माद. मला वाटत होती. शब्द अचूक होता. खुलासा छापू दिला नाही.

“तुमच्या अचूकपणापायी माझं घर जाईल बाबा,” सुचेता म्हणाली. तिच्यासाठी डॉक्टरांचा आजच्या तारखेचा दाखला जोडला आहे. न्यायालयास इतकेच सांगणे की, उन्माद एका दुपारचा होता. लाज तेव्हापासून अखंड आहे. ज्याला लाज कळते, त्याचे डोके ठिकाणावर आहे असे मानावे.

४. माझे सर्व शब्दकोश मृणालिनीस द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती भीडेखातर शब्द बदलत नाही. मनोरमेचा रेडिओ अनुष्काचा.

५. माझ्यामागे वर्षभराचा दुखवटा पाळू नये. त्याच वर्षी घरात गणपती आणावा आणि अनुष्काने सोसायटीच्या मंचावर नाचावे. ही विनंती नसून आज्ञा आहे. ‘आजोबांना जाऊन वर्षही झालं नाही’ असे कोणी म्हटल्यास त्यास कात्रण दाखवावे.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, दोनदा तपासला आणि साक्षीदारांसमक्ष त्याखाली सही केली.

शशिकांत वामन खांबेटे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. डॉ. दिशा मेहता
२. परशुराम भोईर, शेजारी

भाईंदर पूर्व, २० ऑक्टोबर २००७