त्यांना बसवून ठेवू नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, फिजिओथेरपी विभागाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो मुलानेच आणवला, त्यामुळे पुढचं वाचून त्याला कुरकुर करता येणार नाही. पोटाच्या दुखण्याने माझे थोडेच महिने उरलेत. हे सांगताना डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, मी त्यांच्याकडे.

१. खेळाडूंच्या गुडघ्यांवरचे माझे शोधनिबंध छापून येत तेव्हा आधी विभागप्रमुखांचं नाव असे, मग माझं. शेवटचा निबंध अर्धवट राहिला आहे. तो सगळ्या नोंदींसकट त्यांना देते. उरलेला भाग त्यांनी स्वतः लिहावा, एवढीच अट. छापणाऱ्यांनी वाट पाहत बसू नये.

२. "मॅडम, रविवारी खेळेल ना तो?" असं विचारणाऱ्या प्रशिक्षक महाशयांना माझ्या बर्फाच्या पिशव्या. मी नाही म्हटलं की हे पोराला पट्टी बांधून मैदानात उतरवायचे आणि सोमवारी लंगडत माझ्या दारात आणून सोडायचे. पिशव्या त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवाव्यात.

३. बाकीची उपकरणं माझ्या एका विद्यार्थिनीला. खेळाडू रडला, प्रशिक्षक ओरडला, तरी "अजून नाही" म्हणणारी ती एकटीच. तिला बढती मिळाली नाही यात नवल ते काय!

४. राहतं घर तहहयात आमच्या यांना, त्यांच्यानंतर मुलगा व मुलगी यांना समसमान. हे एकेकाळचे गोलरक्षक. गुडघा मोडून माझ्याकडे आले. माझे पहिले पेशंट, आणि सर्वांत कामचुकार. "आज गुडघा जरा आराम मागतोय," हे मी लग्नाआधीपासून ऐकते आहे.

गेल्या वर्षी त्यांचा खुबा बदलला. तेव्हापासून मुलगा त्यांच्या पायात चपला सरकवतो, सून पाण्याचा पेला हातात देते. "बाबा, तुम्ही बसा. आम्ही आहोत ना!" पोरं मायाळू आहेत, म्हणूनच मला धडकी भरते. मायेने बसवून ठेवलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातली फार थोडी पुन्हा उठली. आज मी ओरडते म्हणून हे उठतात. उद्या कोण ओरडणार?

म्हणून अट अशी : यांचं पाणी यांनी स्वयंपाकघरातून स्वतः आणावं. जिना रोज उतरावा, चढावा. जो पेला हातात देईल त्याचा वाटा दुसऱ्याला जाईल. वकील म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." मी म्हटलं, "नाही टिकली तरी चालेल. मुलगा घाबरट आहे."

मुलाने आणलेली, बटण दाबलं की पाय वर करणारी खुर्ची विभागप्रमुखांकडे पोचवावी. बसून खाण्याची त्यांना सवय आहे.

५. अहो, हे तुमच्यासाठी. मी गेल्यावर तुम्ही रडणार, मला माहीत आहे. मलाही आत्ता रडू येतंय. खुशाल रडा. पण उभं राहून रडा.

स्थळ : आमचं जेवणाचं टेबल
दिनांक : ११ फेब्रुवारी, गुरुवार

सही : मृत्युपत्र करणार
साक्षीदार : १. आमचे डॉक्टर २. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका

ता.क. घर यांना मिळणार, म्हणून यांना साक्षीदार होता आलं नाही. तरी सगळ्या सह्या होईपर्यंत हे माझ्या शेजारी उभे होते. टेबलाचा आधार घेतला होता. तेवढा मी चालवून घेतला.