चॅनेल: गणपतरावांचे विचारधन

१ मार्च, सकाळी ७
चॅनेल सुरू! सूनबाईनं, प्रियदर्शनीनं, मोबाईल स्टँडला लावून दिला. साखर कारखान्यात सुपरवायझर होतो तोवर माझा शब्द चालायचा. रिटायर झाल्यापासून घरात कुणी ऐकत न्हाय. आता जग ऐकेल. संकल्प: रोज एक विचार.

४ मार्च
विषय: मनःशांती. ऐन रंगात आलतो, तर आमची बायको चिमणाबाई स्वयंपाकघरातून ओरडली, दूध उतू गेलं, तिथं बसून कुणाला शांती शिकवायलाय! कट करायचं बटण सापडलं न्हाय. तसंच टाकलं.

५ मार्च
चाळीस हजार व्ह्यूज! समाजाला शांतीची भूक आहे. कमेंटमध्ये नुसते हसरे चेहरे. माणूस समाधानी झाला की हसतोच.

९ मार्च
विषय: वेळेचं नियोजन. हिनं मागून विचारलं, गॅसचा नंबर लावला काय, परवा लावतो म्हणालता. दोन लाख! एकजण लिहितो, काकी एक नंबर. चुकून दुसऱ्याच चॅनेलवरून आला असणार.

१२ मार्च
हिला खडसावलं, शूटिंगच्या वेळी तोंडातून आवाज न्हाय पाहिजे. म्हणाली, मग मी चंदगडला भावाकडं जाते, काजूचा सीझन हाय. खुशाल जा म्हटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

१५ मार्च
विषय: मौनाचं सामर्थ्य. काय शांतता! काय ओघ! व्ह्यूज सतरा. नेटवर्क डाऊन दिसतंय.

२० मार्च
जो तो विचारायलाय, काकी कुठं हायत? एका शहाण्यानं भावपूर्ण श्रद्धांजली टाकली. भडकून लिहिलं, जित्ती हाय, चंदगडला हाय! त्याला नऊशे लाइक. माझ्या आजवरच्या विचारांत हाच जास्त गाजला.

२४ मार्च
उचगावच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा फोन. रविवारी सत्कार! जोडीनं या म्हणाले. शेवटी दर्जाला किंमत असतीच. हिला बोलवून घेतलं. नवऱ्याचा मान डोळ्यांनी बघू दे की. भाषण तयार, तासभराचं.

२९ मार्च, रात्री
फेटा हिला बांधला. शाल हिला. मला एक गुलाब, काकींचे मिस्टर म्हणून. भाषण खिशातच राहिलं. हिनं माईक धरून सांगितलं, ह्यांचं बोलणं चांगलं असतंय, पर लई असतंय. हॉल हसून लोळला.
वाईट वाटलं. लईच वाटलं. येताना रिक्षात हातातला गुलाब नुसता फिरवत बसलो. घरात आल्यावर हिनं फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, तुम्ही उद्या बसा बोलायला, मी आतनं ओरडते की.
बरं वाटलं.
उद्याचा विषय: स्वावलंबन.